क्रूगरची सफर आखताना: सात रात्री, तीन कॅम्प

प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्यात, मुलीच्या सुट्टीत, दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात स्वतः गाडी चालवत फिरायचंय. नवरा-बायको, ९ वर्षांची मुलगी आणि ६७ वर्षांच्या आई, असे चौघं. उद्यानासाठी ७ रात्री हाताशी आहेत. बेत असा, की दक्षिणेकडून आत शिरायचं आणि बर्ग-एन-डाल, स्कुकुझा, सातारा, लेटाबा, मोपानी, शिंगवेडझी, पुंडा मारिया अशी रोज नव्या कॅम्पात रात्र काढत उत्तरेच्या टोकाला बाहेर पडायचं. "यात सगळं क्रूगर पाहून होईल का, आणि बिग फाइव्ह, म्हणजे तिथले ते पाच नामांकित प्राणी, दिसतील का?"

गेली १४ वर्षं मी मराठी कुटुंबांचे छोटे गट घेऊन क्रूगरला जातोय, त्यामुळे आधीच स्पष्ट सांगतो: हा बेत बदला. यात तुम्हाला क्रूगरचे रस्ते दिसतील, क्रूगर दिसणार नाही.

हिशेब करून बघा. उद्यान उत्तर-दक्षिण ३६० किलोमीटर लांब आहे, रुंदी सरासरी ६५ किलोमीटर, क्षेत्रफळ साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. आत वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४०. पण जनावरं बघत, थांबत जाणाऱ्या गाडीचा खरा वेग ताशी २० ते २५ च पडतो. म्हणजे नकाशावर ७० किलोमीटर दिसणारा टप्पा साडेतीन तास खातो. रोज सकाळी सामान भरायचं, खोली सोडायची, पुढचा कॅम्प गाठायचा आणि तिथे दुपारी खोली मिळेपर्यंत ताटकळायचं. यात जनावरं बघायची सगळ्यात चांगली वेळ, पहाटेचे पहिले दोन तास, रोज हातची जाते. शिवाय संध्याकाळी कॅम्पाचं गेट बंद व्हायच्या आत पोचायची धास्ती असते, आणि ती असली की माणूस समोर हत्तींचा कळप असूनही घड्याळाकडे बघतो. हे मी पहिल्या दोन फेऱ्यांत स्वतः केलंय.

तेव्हा ७ रात्री, तीनच कॅम्प: लोअर साबीला ३, साताऱ्याला २, ऑलिफंट्सला २. उत्तर सोडून द्या. ती का सोडायची, तेही सांगतो, कारण हे जंगल जमिनीवरून समजतं.

क्रूगरचा पश्चिमेकडचा अर्धा भाग ग्रॅनाइटचा, पूर्वेकडचा बेसाल्टचा. बेसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड. त्याची माती कसदार, तिच्यावरचं गवत गोड आणि पौष्टिक. म्हणून साताऱ्याच्या आसपासच्या सपाट गवताळ रानात झेब्रे आणि विल्डबीस्ट मोठ्या संख्येने चरतात आणि त्यांच्या मागे सिंह असतात. ऑलिफंट्स नदी ओलांडून उत्तरेला गेलात की मोपेनी झाडांचं राज्य सुरू होतं. फुलपाखराच्या पंखांसारखी जोडपानं असलेली ही झाडं मैलोन् मैल एकसारखी पसरलेली. हत्तींना ती आवडतात, पण चरणाऱ्या इतर जनावरांची दाटी तिथे दक्षिणेइतकी नाही. मोपानी कॅम्पाच्या पुढे मकरवृत्त उद्यानाला छेदून जातं. त्याच्या दक्षिणेचा सगळा भाग उपोष्ण पट्ट्यातला. अगदी उत्तरेचं पफुरी पक्षी बघणाऱ्यांसाठी फार सुंदर आहे, पण तो वेगळा, दुसऱ्या खेपेचा प्रवास. पहिल्या खेपेला, लहान मुलगी आणि आई बरोबर असताना, दक्षिण आणि मध्य एवढंच करा.

महिना मात्र तुम्ही उत्तम निवडलाय. पाऊस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. मे लागता लागता गवत वाळायला लागतं, झुडपांची पानं विरळ होतात, डबकी आटतात आणि जनावरं बारमाही नद्यांकडे आणि पाणवठ्यांकडे वळतात. जुलै ते सप्टेंबरइतकं रान मोकळं मिळणार नाही हे खरं. पण त्या काळातली धूळ आणि जूनअखेर-जुलैमधली तिथल्या शाळांच्या सुट्टीची गर्दीही नसेल. दिवसा पंचविसेक अंश, पहाटे दहाच्या आसपास किंवा खाली. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना ऑक्टोबरअखेरही चांगला, फक्त उकाडा फार. डिसेंबर मी कुटुंबांना सुचवत नाही. इंपाला हरणांची पाडसं असतात, रान हिरवंगार असतं, पक्षी भरपूर. पण गवत पुरुषभर, पारा कधी कधी चाळिशीला आणि तिथल्या मोठ्या सुट्टीमुळे कॅम्प भरलेले. जोराच्या पावसात कच्चे रस्ते आणि नदीतले बुटके पूल बंद होतात. फेब्रुवारी २००० च्या महापुरात तर पुलांपासून कॅम्पांपर्यंत मोठी पडझड झाली होती.

आता कॅम्प.

लोअर साबी आधी, कारण ते साबी नदीवर आहे आणि साबी बारमाही वाहते. कॅम्पाच्या उपाहारगृहाचा लाकडी सज्जा थेट नदीवर निघतो. आईंना एखाद्या दिवशी गाडीत बसवेनासं झालं, तर त्या तिथे खुर्ची टाकून बसू शकतात. समोरून हत्ती पाणी प्यायला उतरतात, पाणघोडे फुसफुसत वर येतात, मत्स्यगरुडाची हाक ऐकू येते. गेटबाहेर जेमतेम किलोमीटरभरावर सनसेट डॅम आहे. रस्ता तलावाला इतका चिकटून जातो की गाडीतूनच काठावर पहुडलेल्या मगरी आणि पाणघोड्यांच्या पाठी दिसतात. आपल्याकडचा कवड्या धीवरही तिथे पाण्यावर एका जागी फडफडत सूर मारताना दिसेल. मुलीला तो आधी ओळखू द्या, ओळखीचं पाखरू परक्या देशात भेटलं की मुलं खुलतात. लोअर साबी ते स्कुकुझा हा नदीकाठचा रस्ता, एच४-१, साधारण ४५ किलोमीटरचा आहे आणि बिबट्यासाठी क्रूगरमधल्या सगळ्यात भरवशाच्या रस्त्यांपैकी एक. दिवसभरातली गर्दीही त्यावर सर्वांत जास्त, म्हणून तो पहाटे गेट उघडताच करायचा. एक सकाळ याला द्या. दुसऱ्या सकाळी उत्तरेला एच१० वरून न्कुम्बेच्या उंचवट्यापर्यंत जा. तिथून खाली पसरलेलं गवताळ मैदान एकदा बघितलं की बेसाल्टबद्दल वर लिहिलेलं आपोआप पटेल.

सातारा हे नाव वाचून प्रत्येक मराठी माणूस थबकतो. असं सांगतात की या भागाची मोजणी झाली तेव्हा इथल्या भूखंडाचा क्रमांक १७ होता, मोजणी करणाऱ्याचा मदतनीस भारतीय वंशाचा होता आणि त्याच्या तोंडच्या हिंदी 'सत्रह'चं सातारा झालं. कॅम्प स्वतः नदीवर नाही, सपाटीवर आहे, दिसायला साधा. पण गेटबाहेरचं रान सोन्यासारखं. एस१०० हा कच्चा रस्ता न्वानेत्सी नदीच्या काठाने पूर्वेला जातो. तिथून एस४१ ने एच६ गाठून परत आलात की एक सुरेख सकाळ होते. पश्चिमेला एच७ वर दहाएक किलोमीटरवर न्सेमानी तलाव लागतो. रात्री कॅम्पाच्या कुंपणालगत ठिपकेदार तरस फिरतात. त्यांना कधीही, काहीही खायला टाकू नका. माणसाच्या हातच्या अन्नाला चटावलेलं जनावर पुढे धोकादायक ठरतं आणि शेवटी मारावं लागतं.

ऑलिफंट्स शेवटी ठेवलंय ते विश्रांतीसाठी. कॅम्प उंच कड्यावर, खाली खूप खोल नदीचं रुंद पात्र. पाच दिवस पहाटे उठून शरीर थकलेलं असतं. इथे एखादी सकाळ गाडी काढलीच नाही तरी चालेल, दुर्बीण घेऊन कड्यावर बसा. बाहेर पडताना ऑर्पेन गेटने निघा, म्हणजे ब्लाइड नदीच्या दरीकडे जाता येतं.

आता बिग फाइव्हबद्दल. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि केप बफेलो ही यादी शिकाऱ्यांनी केली होती, पायी शिकार करायला सगळ्यात धोकादायक जनावरं म्हणून. आपल्याला ती पाळायचं कारण नाही. सात रात्रींच्या मुक्कामात हत्ती आणि बफेलो दिसतीलच, सिंह बहुतेक दिसतील, बिबट्या नशिबावर. पण मुलीच्या लक्षात राहील ते बहुधा यादीबाहेरचंच. मागे एका कुटुंबासोबत न्सेमानीला गाडी बंद करून थांबलो होतो. एक जिराफ पाण्याशी आला. वाकायच्या आधी त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पुढचे पाय थोडे फाकवले, पुन्हा मिटवले, दोन पावलं मागे गेला, परत आला. पाणी पिताना त्याला पुढचे दोन्ही पाय खूप फाकवून मान खाली न्यावी लागते आणि त्या अवस्थेत पळता येत नाही, म्हणून एवढी चाचपणी. चौथ्या खेपेला तो वाकला, प्यायला आणि मान झटक्यात वर घेतली तेव्हा तोंडातून पाण्याची एक लांब चकाकती रेघ हवेत उडाली. या सगळ्याला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात तलावाशी सात गाड्या आल्या, जिराफ बघून पुढे गेल्या. तो पाणी प्यायला ते आमच्याशिवाय कुणी बघितलं नाही.

थांबणं म्हणतो ते हे. पाणवठ्याशी किमान अर्धा तास, गाडी बंद, खिडक्या उघड्या, आवाज बारीक. इंजिन चालू असलं की दुर्बीण आणि कॅमेरा दोन्ही थरथरतात, आणि मुख्य म्हणजे कानाने मिळणारी खबर बुडते. ताडोबात आपण चितळाचा कॉल ऐकून थांबतो, तसंच इथे इंपाला ऐकायचे. धोका दिसला की इंपाला नाकातून जोराने फुरफुरतो. त्याहून महत्त्वाचं, कळपाकडे बघा. सगळे इंपाला चरणं सोडून, कान पुढे करून एकाच दिशेला टक लावून उभे असतील, तर जनावर त्यांच्या नजरेच्या टोकाला आहे. माकडांचा गलका झाडावरून चालला असेल आणि तीही खाली एकाच झुडपाकडे बघत असतील, तर बिबट्या धरूनच चाला. आडव्या फांद्यांची मोठी झाडं नजरेने चाळताना आख्खा बिबट्या शोधू नका, खाली लोंबणारी शेपटी शोधा. मला दिसलेले अर्ध्याहून अधिक बिबटे आधी शेपटी म्हणूनच दिसले. आकाशातून गिधाडं एका जागी उतरत असतील तर तो शिकारीचा पत्ता. आणि रस्त्यावर ताजी ओली लीद, मोडलेल्या फांद्या दिसल्या तर पुढच्या वळणावर वेग निम्मा करा.

एक काम मुलीकडे द्या. दुकानात क्रूगरच्या नकाशाचं पुस्तक मिळतं, ते तिच्या मांडीवर असू द्या. कुठे काय दिसलं, किती वाजता, हे तिने लिहायचं. मोबाइलची रेंज मोठ्या कॅम्पांच्या आसपासच असते, त्यामुळे कागदी नकाशा तसाही लागतोच. दुर्बीण प्रत्येकाला स्वतंत्र हवी, ८×४२ मापाची असली की बास. चौघांत एक दुर्बीण म्हणजे चौघांचाही विरस. कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरपर्यंत लेन्स पुरते. खिडकीच्या काचेवर तांदूळ भरलेली छोटी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा, तिपाई गाडीत निरुपयोगी असते.

दिवसाची आखणी अशी ठेवा. मे महिन्यात कॅम्पाचं गेट सकाळी ६ ला उघडतं आणि संध्याकाळी ५.३० ला बंद होतं. पावणेसहाला चहा पिऊन गाडी गेटच्या रांगेत. दहापर्यंत फिरून परत या, जेवा, झोपा. तीनला पुन्हा निघा आणि पाचनंतर कॅम्पापासून दहा किलोमीटरच्या आतच राहा. उशीर झाला तर दंड होतो. पण दंडापेक्षा वाईट म्हणजे उशीर टाळायला माणूस गाडी हाणतो आणि संधिप्रकाशात एखादं जनावर चाकाखाली येतं. अंधार पडल्यावरचं जंगल बघायचं असेल तर उद्यानाच्याच उघड्या ट्रकमधून रात्रीची सफारी होते, तीही बुक करा. ६ वर्षांखालच्या मुलांना तिथे घेत नाहीत, तुमच्या मुलीला चालेल. बंदूकधारी मार्गदर्शकांसोबतच्या पायी फेरीला मात्र १२ वर्षं पूर्ण लागतात, ती यावेळी नाही. ट्रकमध्ये गारठा अंगात शिरतो, लोकरीची टोपी, जाड जॅकेट आणि आईंसाठी शाल न्याच.

आईंसाठी एक गोष्ट बरेचजण आधी विचारायला संकोचतात: स्वच्छतागृहं. गाडीतून उतरायला परवानगी फक्त कॅम्प, पिकनिक स्पॉट आणि फलक लावलेल्या ठरावीक जागी. रस्त्याकडेला उतरणं गुन्हा आहे, कितीही मोकळं दिसलं तरी. म्हणून रोजचा रस्ता स्वच्छतागृहांवरून आखा. लोअर साबी आणि स्कुकुझाच्या साधारण मध्यावर न्कुहलू हा पिकनिक स्पॉट आहे. लोअर साबीहून साताऱ्याला जाताना, नव्वदेक किलोमीटरच्या टप्प्यात, त्शोक्वाने हा पिकनिक स्पॉट येतो. साताऱ्याच्या पूर्वेला न्वानेत्सीचा पिकनिक स्पॉट आहे. यातला कुठलाही टप्पा दोन-अडीच तासांहून मोठा होत नाही. त्यांना पुढच्या सीटवर बसवा. चढ-उतार सोपा आणि नजरही लांब जाते. गाडी त्यासाठीच थोडी उंच घ्या. फोर बाय फोरची गरज नाही, मे महिन्यात कच्चे रस्तेही साध्या गाडीला चालतात.

हत्तींबद्दल जरा थांबून लिहितो. क्रूगरमध्ये मी सगळ्यात जास्त जपतो तो हत्तीला, सिंहाला नाही. पिल्लं असलेला कळप रस्ता ओलांडत असेल तर लांब थांबा आणि शेवटचं जनावर पलीकडे जाईपर्यंत हलू नका. अर्धा कळप इकडे आणि अर्धा तिकडे असताना मधून गाडी घालणं सगळ्यात धोक्याचं. एकटा मोठा नर दिसला तर मागच्या पायांकडे बघा. सतत थेंब थेंब मूत्र गळून पायांची आतली बाजू ओली झालेली, उग्र दर्प, डोकं उंच धरलेलं आणि गालांवरून मदाचे ओघळ, म्हणजे तो माजावर आहे. नुसते ओघळ इतर वेळीही दिसतात, म्हणून मागचे पाय महत्त्वाचे. एस१०० वर एकदा असा नर रस्त्याच्या मधून, अजिबात घाई न करता, आमच्याकडे चालत आला. मी गाडी उलटी घेत राहिलो, बहुधा तीनशे मीटर. माझ्या मागे आलेली एक गाडी फोटोसाठी हटायला तयार नव्हती आणि आमची वाट अडली. शेवटी त्यांनाही दिसलं, ते मागे सरले, हत्ती एका झाडाशी वळला. त्या दिवसापासून मी मोठ्या नराच्या समोर गाडी कधी बंद करत नाही, आणि मागे मोकळा रस्ता आहे का हे आधी बघतो. हॉर्न वाजवायचा नाही, इंजिन गरगरवायचं नाही. हळू, सरळ मागे.

गेंडा दिसला तर आणखी एक विनंती. शिंगांसाठी होणाऱ्या चोरट्या शिकारीने क्रूगरच्या गेंड्यांचं अपरिमित नुकसान केलंय. अनेक गेंड्यांची शिंगं आता उद्यानच सुरक्षितपणे कापून टाकतं, त्यामुळे आखूड शिंगांचा गेंडा दिसला तर दचकू नका. कॅम्पातल्या फलकावर लोक रंगीत खुणा लावून काय कुठे दिसलं ते नोंदवतात, पण गेंड्याची जागा तिथे नोंदवत नाहीत. तुम्हीही कुणाला सांगू नका, फोटो टाकताना त्यातली जागेची माहिती काढून टाका. मुलीच्या वहीत लिहिलेलं चालेल, ती वही घरीच राहते.

मलेरिया. क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं, जोखीम ऑक्टोबर ते मे मध्ये जास्त. मे म्हणजे हंगामाची शेपटी, पण औषध टाळण्याइतकी नाही. निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा, आईंची चालू औषधं आणि मुलीचं वजन सांगा. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यावी लागते, डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे. कुठली कुणाला, हे डॉक्टरच ठरवतील. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, मोजे आणि डास पळवणारं मलम. आणि परतल्यावर काही आठवड्यांत कुणालाही ताप आला तर "आम्ही आफ्रिकेत मलेरियाच्या भागात होतो" हे वाक्य डॉक्टरांना पहिल्यांदा सांगायचं.

विमानाचा मार्ग निवडताना मी तुम्हाला आखातातून जायला सांगेन. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट कधी स्वस्त पडतं, पण ते देश पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथे १२ तासांहून जास्त थांबा झाला तर दक्षिण आफ्रिका लसीचा दाखला मागते, आणि भारतात परतताना आपलेही नियम कडक आहेत. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेण्यात जोखीम थोडी वाढते. आईंसाठी ती वेळच येऊ देऊ नका. मुलीचा आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला जवळ ठेवा. व्हिसाच्या नियमांत अलीकडे बदल होत आहेत, म्हणून निघायच्या तीन महिने आधी अधिकृत माहिती पुन्हा बघा.

जोहान्सबर्गला उतरलात की त्याच दिवशी गाडी चालवू नका. रात्रभराचा प्रवास आणि पुढे साडेचारशे किलोमीटर, हे जमत नाही. विमानतळाजवळ एक रात्र झोपा, सकाळी सहाला निघा. एन४ हा चांगला टोलरस्ता आहे, गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. दुपारी बाराच्या सुमारास क्रॉकोडाइल ब्रिज गेट, तिथून लोअर साबी ३५ किलोमीटर. हा पहिला टप्पाच तुमची पहिली सफारी. नुंबी गेट घेऊ नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाडीवर प्राणघातक हल्ला झाला होता, तेव्हापासून मी तो वाटेतून काढून टाकलाय. उद्यानाबाहेर अंधार पडल्यावर गाडी चालवायचीच नाही. इंग्रजीतला परवाना तिथे चालतो, तरी आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असू द्या, गाडी देणारे मागू शकतात. पेट्रोल मोठ्या कॅम्पांत मिळतं.

खाण्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण शाकाहारी घरांना तो पडतोच. स्वयंपाकघर असलेलाच बंगला घ्या. फ्रिज, शेगडी, भांडी असतात, तांदूळ-भाजी वाटेतल्या गावात घ्या आणि रात्री गरम खिचडी करा. अन्न बाहेर ठेवू नका, फ्रिजचं दारही लावून घ्या. कॅम्पातली माकडं आणि बबून कडीसुद्धा उघडतात.

खर्चात लोक एक गोष्ट विसरतात: राहण्याव्यतिरिक्त दर माणशी दर दिवशी संवर्धन शुल्क असतं. परदेशी प्रौढाला ते ५०० रँडच्या पुढे गेलंय आणि दरवर्षी वाढतं, लहान मुलांना निम्मं. तुमच्या चौघांचं सात दिवसांचं हे शुल्कच १२-१३ हजार रँडच्या घरात किंवा वर जाईल. वाइल्ड कार्ड नावाचा वर्षभराचा पास असतो. कुटुंबाच्या पासात दोन प्रौढ आणि मुलं येतात, आईंचा वेगळा लागेल. दोन्ही बेरजा मांडा आणि स्वस्त पडेल ते घ्या.

पैसे थोडे जास्त असतील तर साबी सँडसारख्या खासगी अभयारण्यात एक-दोन रात्री कराव्यात का? १९९३ पासून क्रूगर आणि साबी सँडमधलं कुंपण काढलेलं आहे, जनावरं तीच. तिथे उघडी गाडी, माग काढणारा माणूस, रस्ता सोडून आत जायची मुभा, त्यामुळे बिबट्या जवळून दिसायची शक्यता खूप जास्त. पण माणशी रात्रीचे हजारो रँड लागतात, आणि काही ठिकाणी लहान मुलांना सफारीत घेत नाहीत. तुमच्या जागी मी ते पैसे वाचवून क्रूगरमध्येच आणखी दोन दिवस राहिलो असतो.

बुकिंग साधारण ११ महिने आधी उघडतं आणि लोअर साबीचे नदीकडचे बंगले सगळ्यात आधी जातात. म्हणून क्रम उलटा लावा: आधी लोअर साबीच्या सलग तीन रात्री कुठल्या तारखांना मिळतात ते बघा, मग त्यांना जोडून सातारा आणि ऑलिफंट्स, मग व्हिसा आणि विमान. लोअर साबी अजिबात मिळालं नाही तर स्कुकुझा घ्या. मोठा, गजबजलेला कॅम्प आहे, पण नदी तीच आणि एच४-१ तोच, फक्त दुसऱ्या टोकाकडून. रद्द झालेल्या खोल्या परत विक्रीला येत असतात, म्हणून रोज सकाळी एकदा तारखा तपासत राहा. मला दोनदा लोअर साबी अशीच, निघायच्या काही आठवडे आधी मिळाली आहे.